डेंग्यू होऊन गेलेला रुग्ण आणि व्याधिक्षमत्व
(न्हावा शेवा परिसरातील चिकित्सानुभवाच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

वर्षा ऋतू सरून शरदाचे ऊन पडू लागले की उरण तालुक्यातील आम्हा वैद्यांच्या दवाखान्यांत ज्वररुग्णांची रीघ लागते. हिवताप, लेप्टोस्पायरोसिस, चिकुनगुन्या, टायफॉइड आणि डेंग्यू हे सर्व एकाच महिन्यात, कधीकधी एकाच चाळीत आढळतात. यांपैकी डेंग्यूतून बरा झालेला रुग्ण अखेरच्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारतो : "आता हा ताप परत तर येणार नाही ना?"

प्रश्न साधा वाटतो. मात्र त्याचे उत्तर साधे नाही आणि आम्ही स्वतः एकेकाळी ते चुकीचे दिलेले आहे. बंदराच्या परिसरातील एका कंटेनर यार्डात काम करणारा पस्तिशीच्या आतला एक तरुण आमच्याकडे डेंग्यूची चिकित्सा घेऊन बरा झाला. एनएस-वन चाचणी होकारार्थी होती, व्याधी सौम्य होता. निरोप देताना आम्ही त्यास म्हणालो, "एकदा होऊन गेला की शरीर तयार होते. आता काळजी नको." तीन वर्षांनी भाद्रपदात त्यास पुन्हा ताप आला. डेंग्यू होऊन गेलेला असल्याने हा साधाच ताप, असे धरून त्याने औषधाच्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला, घरच्यांना बरे वाटले आणि सायंकाळी त्यास आमच्याकडे आणले, ते उचलूनच. उदरशूल, वारंवार छर्दी, हातपाय गार, नाडी क्षीण आणि द्रुत. तत्काळ रुग्णालयात रवानगी केल्याने प्राण वाचले, परंतु चार दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. बरा झाल्यावर तो भेटण्यास आला तेव्हा रागावून नव्हे, सहज म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच बोललेले, एकदा होऊन गेला म्हंजे परत नाय."

सदर वाक्यामुळे आम्हांस या विषयाचा मुळापासून अभ्यास करणे भाग पडले. विषाणुजन्य रक्तस्रावी ज्वरातून वाचलेल्या रुग्णाचे व्याधिक्षमत्व किती काळ टिकते, ते कशाविरुद्ध टिकते आणि त्यावर वैद्याने कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. व्याधिक्षमत्व : शब्दाची व्याप्ती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात सर्व शरीरे सारखीच व्याधिक्षम नसतात, हा महत्त्वाचा विचार आला आहे. अतिस्थूल, अतिकृश, शिथिल मांस-रक्त-अस्थी असलेले, दुर्बल, असात्म्य आहारावर वाढलेले, अल्पाहारी आणि अल्पसत्त्व अशी शरीरे व्याधी सहन करू शकत नाहीत, असे आचार्य सांगतात. टीकाकार चक्रपाणिदत्ताने व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ दिले आहेत. उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बळास विरोध करणे हा पहिला आणि व्याधीची उत्पत्तीच होऊ न देणे हा दुसरा.

हे दोन अर्थ आपण पदवीच्या परीक्षेत एका दमात लिहितो आणि व्यवहारात मात्र एकच समजतो. प्रत्यक्षात ते भिन्न आहेत. एखाद्या व्यक्तीस व्याधी होतो पण सौम्य होतो, हे पहिल्या अर्थाचे क्षमत्व. व्याधी होतच नाही, हे दुसऱ्या अर्थाचे. डेंग्यूचा विचार करताना हा भेद डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट अशी की सहज, कालज आणि युक्तिकृत या त्रिविध बळाचा जो विचार सूत्रस्थानात येतो, तो शरीराच्या एकंदर सामर्थ्याचा विचार आहे. तो कोणत्या एका विशिष्ट हेतूविरुद्धचा नाही. आधुनिक शास्त्र ज्यास रोगप्रतिकारशक्तीची स्मृती म्हणते, ती मात्र नेमक्या एका विषाणूविरुद्धची असते. एकदा भेटलेल्या शत्रूची ओळख ठेवणाऱ्या पेशी आणि त्या पेशींनी घडविलेली प्रतिपिंडे यांवर ती अवलंबून असते. या दोन संकल्पना परस्परविरोधी नाहीत, पण त्या एकच आहेत असे मानल्याने घोटाळे होतात. आमची चूक नेमकी याच ठिकाणी झाली होती.

३. एक गट, निरनिराळे व्याधी, निरनिराळे क्षमत्व

विषाणुजन्य रक्तस्रावी ज्वर हे एका व्याधीचे नाव नसून एका गटाचे नाव आहे. यांतील व्याधींची संप्राप्ती वरवर सारखी दिसते. तीव्र ज्वर, रक्तवाहिन्यांच्या भित्तींची दुष्टी, रक्तस्राव आणि अखेरीस अवसाद असा क्रम असतो. आपल्या परिभाषेत सन्निपातज्वर आणि रक्तपित्त यांची लक्षणे एकत्र आल्यासारखे हे चित्र आहे. तथापि यांतून वाचलेल्यांचे क्षमत्व प्रत्येक व्याधीत वेगळे असते.

(अ) पीतज्वर : हा भारतात कधीच आढळलेला नाही. परंतु न्हावा शेवा हे बंदर असल्याने येथील दर्यावर्दी लोकांस पीतज्वराच्या लसीचे पिवळे प्रमाणपत्र चांगले परिचयाचे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातील नॉरफोक बंदरात १८५५ साली पीतज्वराची मोठी साथ आली होती. त्यातून वाचलेल्या वृद्धांच्या रक्तात पंचाहत्तर वर्षांनंतरही त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली सिद्ध केलेली लसही अशीच दीर्घकाळ टिकणारी ठरली. पूर्वी दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली एकच मात्रा पुरेशी असल्याचे मान्य केले आणि ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सदर प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य झाले. पीतज्वराचा विषाणू एकाच जातीचा असल्याने 'एकदा होऊन गेला की पुन्हा नाही' हे वाक्य येथे खरे ठरते.

(आ) इबोला : काँगो देशातील याम्बुकू येथे १९७६ साली या व्याधीची प्रथम ओळख पटली. त्या साथीतून वाचलेल्या चौदा जणांची चाळीस वर्षांनंतर तपासणी झाली. चौदाही जणांच्या रक्तात विषाणूच्या किमान एका घटकाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, तर चार जणांचे रक्त जिवंत विषाणूस निष्प्रभ करू शकत होते. क्षमत्व टिकते, हा यातील एक बोध. दुसरा बोध वैद्यांनी अधिक लक्षात घ्यावा असा आहे. पश्चिम आफ्रिकेतील २०१४ ते २०१६ च्या साथीतून वाचलेल्या काही पुरुषांच्या शुक्रात हा विषाणू अनेक महिने आढळत राहिला. २०२१ साली गिनी देशात पुन्हा उद्भवलेल्या इबोलाचा विषाणू हा त्याच जुन्या साथीतील विषाणूशी अत्यंत मिळताजुळता होता आणि तो एखाद्या वाचलेल्या व्यक्तीच्या शरीरात वर्षानुवर्षे राहिला असावा, असा निष्कर्ष निघाला. धातूंत लीन झालेल्या दोषाची कल्पना ज्यांनी विषमज्वराच्या संदर्भात अभ्यासली आहे, त्यांस यात नवल वाटू नये. रक्तात क्षमत्व असूनही एखाद्या धातूत हेतू दडून राहू शकतो.

(इ) क्यासनूर वनज्वर : हा आपल्या घरचा व्याधी. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात त्याचा शोध लागला, तो पुण्याच्या त्या वेळच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. गोचिडीद्वारे पसरणारा हा 'माकडताप' २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या बागांत काम करणारे स्त्री-पुरुष त्यात प्रामुख्याने आजारी पडले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही रुग्णांत पहिला ज्वर उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो आणि सोबत शिरःशूल, मानेचे ताठरणे, कंप अशी लक्षणे असतात. हा नवा संसर्ग नसून त्याच व्याधीचा दुसरा टप्पा होय. म्हणून पुन्हा ताप आला एवढ्यावरून क्षमत्व निर्माण झाले नाही, असे अनुमान काढू नये. या व्याधीवरील जुनी लस मात्र अल्पकाळ टिकणारी होती. दोन मात्रांनंतरही वारंवार पूरक मात्रा द्याव्या लागत आणि तिची परिणामकारकता पुरेशी न राहिल्याने पुढे तिचा वापर थांबला. प्रत्यक्ष व्याधीने मिळालेले आणि लसीने मिळालेले क्षमत्व नेहमी सारखे असते असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

(ई) डेंग्यू : आपणांस रोज भेटणारा हा व्याधी वरील तिन्हींहून वेगळा आहे. त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे क्रमप्राप्त आहे.

४. डेंग्यूचे चार विषाणू

डेंग्यू हे नाव एक असले तरी त्याचे विषाणू चार आहेत. चारही परस्परांशी संबंधित, परंतु एकसारखे नाहीत. यांपैकी एकाचा संसर्ग होऊन गेल्यावर त्या एकाविरुद्ध दीर्घकालीन, बहुधा आजन्म, क्षमत्व प्राप्त होते. उरलेल्या तिघांविरुद्ध मात्र ते थोडेच दिवस टिकते.

हे प्रथम पद्धतशीर दाखविले ते डॉ. अल्बर्ट सेबिन यांनी. पुढे पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लसीमुळे प्रसिद्ध झालेले हे शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेंग्यूवर काम करीत होते. त्यांच्या अभ्यासातील विषाणूंपैकी काही कलकत्त्यात आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या रक्तातून मिळाले होते. स्वयंसेवकांवरील प्रयोगांत त्यांना असे आढळले की ज्या विषाणूने आजार झाला त्याचाच पुन्हा संसर्ग दिला तर दीड वर्षानंतरही आजार होत नाही. दुसऱ्या जातीचा विषाणू दिला तर पहिले सुमारे दोन महिने संरक्षण मिळते. त्यानंतर काही महिने आजार होतो पण सौम्य होतो आणि पुढे तेही संरक्षण उरत नाही.

चक्रपाणीच्या भाषेत सांगावयाचे तर, त्याच विषाणूविरुद्ध व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व आणि अन्य तिघांविरुद्ध काही महिन्यांपुरते व्याधिबलविरोधित्व. येथवर गोष्ट सरळ आहे. खरी अडचण त्या काही महिन्यांनंतर सुरू होते.

५. अर्धवट क्षमत्वाचा धोका

१९६० च्या दशकात थायलंडमध्ये काम करताना डॉ. स्कॉट हॅल्स्टेड यांच्या लक्षात आले की रक्तस्रावी डेंग्यू व अवसाद हे दोन गटांत अधिक दिसतात. पहिला गट दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मुलांचा, दुसरा पहिल्या वर्षातील अशा अर्भकांचा की ज्यांच्या मातांस पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे. दोहोंत समान बाब एकच : शरीरात जुनी प्रतिपिंडे आहेत, पण ती पुरेशी अथवा नेमकी नाहीत.

याची संप्राप्ती पुढीलप्रमाणे सांगितली जाते. पहिल्या संसर्गातील प्रतिपिंडे दुसऱ्या जातीच्या विषाणूस ओळखतात व त्यास चिकटतात, परंतु निष्प्रभ करू शकत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेला कण भक्षक पेशी आपणहून आत ओढून घेतात. ज्या पेशीने विषाणूचा नाश करावयाचा, तिच्यातच तो वाढू लागतो. विषाणूंची संख्या वाढते, दाहकारक द्रव्यांचा उद्रेक होतो, रक्तवाहिन्यांच्या भित्ती झिरपू लागतात आणि रक्तातील द्रवभाग बाहेर पडून रक्त दाट होते. अवसाद येतो तो मुख्यतः या झिरपण्याने, केवळ रक्तस्रावाने नव्हे.

याचा सर्वांत बोलका पुरावा क्यूबा देशाने दिला. तेथे १९७७ पासून डेंग्यूच्या पहिल्या जातीची मोठी पण सौम्य साथ आली. १९८१ साली दुसरी जात आली. ३ लाख ४४ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, दहा हजारांवर रुग्ण गंभीर झाले आणि १५८ मृत्यू झाले, त्यांपैकी १०१ बालके होती. त्यानंतर १९९७ साली सांतियागो दे क्यूबा शहरात दुसऱ्या जातीची पुन्हा साथ आली. या वेळी रक्तस्रावी डेंग्यूचे २०५ रुग्ण आढळले. मृत्यू बाराच झाले, पण सर्व प्रौढांचे. १९७७ च्या साथीत पहिल्या जातीचा संसर्ग होऊन गेलेली ती पिढी होती. त्यानंतर जन्मलेल्या, म्हणजे डेंग्यू कधीच न झालेल्या मुलांत हाच विषाणू सौम्य राहिला. याचा अर्थ असा की पहिल्या संसर्गाची आठवण वीस वर्षे टिकली होती आणि तीच आठवण घातक ठरली.

निकाराग्वा देशातील सुमारे आठ हजार मुलांच्या दीर्घ अभ्यासाने २०१७ साली यात आणखी भर घातली. जुनी प्रतिपिंडे मुळीच नसलेल्या मुलांस धोका कमी, भरपूर असलेल्यांसही कमी. मधल्या एका विशिष्ट पातळीवर असलेल्यांस मात्र रक्तस्रावी डेंग्यूचा धोका सुमारे साडेसात पट आढळला.

वैद्यबांधवांस यावरून शोधनचिकित्सेतील एक परिचित प्रसंग आठवेल. वमन वा विरेचनाचे औषध हीनमात्रेत दिले तर ते दोषांस उत्क्लेशित करते, पण बाहेर काढत नाही. मुळीच न दिले असते तर दोष शांत पडून राहिले असते, पूर्ण मात्रेत दिले असते तर निघून गेले असते. अर्धवट दिल्याने उपद्रव झाला. हा केवळ दृष्टांत आहे. दोन्ही शास्त्रांचा येथे मेळ घातला आहे असा आमचा दावा नाही. परंतु 'थोडे तरी संरक्षण असलेले बरे' हे वाक्य नेहमीच खरे नसते, हे पटण्यास तो पुरेसा आहे.

दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांतही बहुसंख्य रुग्ण साध्या ज्वरानंतर बरे होतात. तसेच पहिल्याच संसर्गात व्याधी गंभीर झाल्याची उदाहरणेही आहेत. म्हणून दुसरा डेंग्यू म्हणजे मृत्यूचे भय, असे रुग्णास सांगणे ही पहिल्या चुकीइतकीच मोठी चूक ठरेल.

६. लसीने दिलेला धडा

हाच न्याय लसीस लागू पडतो, हे फिलिपाइन्समध्ये दिसून आले. तेथे एप्रिल २०१६ पासून शाळकरी मुलांस डेंग्यूची पहिली लस देण्यास आरंभ झाला आणि आठ लाखांहून अधिक मुलांस ती दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनीच जाहीर केले की ज्यांस पूर्वी डेंग्यू झालेला नाही, अशांत या लसीनंतर होणारा पहिला डेंग्यू अधिक तीव्र होऊ शकतो. मोहीम थांबली. लस त्या मुलांच्या शरीरात पहिल्या संसर्गाप्रमाणे वागली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही लस देण्यापूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे की नाही हे तपासण्याची शिफारस केली.

भारतात निर्मित, चारही जातींवरील एका लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा त्यात समावेश ठरविण्यात आला. चारही जातींविरुद्ध एकाच वेळी आणि समप्रमाणात क्षमत्व निर्माण करणे हीच अशा लसीची कसोटी होय.

७. न्हावा शेवा परिसराचे वैशिष्ट्य

जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार भावांच्या दुष्टीचा विचार आहे. आपल्या परिसरात यांपैकी उदक व देश यांचा विचार विशेष करावा लागतो.

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांच्या शेजारी कंटेनरची यार्डे, गोदामे, वाहनतळ आणि कामगारवस्त्या उभ्या राहिल्या. आमचे गावकरी डासांचा दोष खाडीस आणि तिवरांस देतात. सुश्रुताने कल्पस्थानात मशकांचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत 'सामुद्र' हा एक आहेच. परंतु डेंग्यूचा एडिस डास खाडीच्या खाऱ्या पाण्यात नव्हे, तर माणसाने साठविलेल्या गोड्या पाण्यात वाढतो. पाणीटंचाईमुळे भरून ठेवलेली पिंपे, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पाणी आणि ट्रेलरचे टाकलेले टायर ही त्याची जन्मस्थाने. टायरांचा हा प्रवास जगभर झालेला आहे. १९८५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आढळलेला एडिसचा आशियाई प्रकार जुन्या टायरांच्या आयातीतूनच पोहोचला, असे मानले जाते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार बंदराच्या हद्दीपासून किमान ४०० मीटरपर्यंतचा पट्टा अशा डासांपासून मुक्त ठेवावयाचा असतो, त्याचे कारण हेच.

दुसरे वैशिष्ट्य माणसांचे. येथील ट्रेलरचालक, क्लीनर, माथाडी आणि खलाशी देशाच्या सर्व भागांतून येतात. राष्ट्रीय पातळीवर २०१७-१८ साली पंधरा राज्यांत झालेल्या रक्ततपासणीत पाच ते पंचेचाळीस वर्षे वयाच्या ४८.७ टक्के व्यक्तींत पूर्वी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. पश्चिम विभागात हे प्रमाण ६२.३ टक्के, तर ईशान्य भागात केवळ ५ टक्के होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की आमच्यासमोर बसलेल्या प्रौढ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा डेंग्यू 'पहिला' नसावा आणि त्यांपैकी अनेकांस तो कधी झाला हे माहीतही नसावे. एकाने आपल्या गावी एका जातीचा विषाणू अनुभवलेला असतो, येथे त्यास दुसऱ्या जातीचा भेटतो.

८. चिकित्सकाने पाळावयाचे नियम

वरील विवेचनावरून आम्ही आपल्या दवाखान्यात काही नियम घालून घेतले आहेत. ते वैद्यबांधवांच्या विचारार्थ देत आहोत.

(१) ज्वररुग्णाचा वृत्तांत घेताना 'पूर्वी डेंग्यू झाला होता का, कोणत्या वर्षी, कोठे' हा प्रश्न अवश्य विचारावा व उत्तर रुग्णपत्रिकेवर ठळक लिहावे. एक वर्षाच्या आतील अर्भक असल्यास हाच प्रश्न मातेस विचारावा. उत्तर 'नाही' असले तरी त्यावर विसंबू नये, कारण अनेकांचा पहिला संसर्ग लक्षणांवाचून होऊन जातो.

(२) प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना काळाचे भान ठेवावे. एनएस-वन चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयुक्त असते. दुसऱ्या संसर्गात ती लवकर नकारार्थी होऊ शकते आणि आयजीएम प्रतिपिंडे क्षीण राहू शकतात. उलट ज्वराच्या आरंभीच आयजीजी प्रतिपिंडे भरपूर आढळली तर दुसऱ्या संसर्गाचा संशय धरावा. अनेकदा 'आयजीजी म्हणजे जुना, काळजी नको' असे म्हणून अहवाल बाजूस ठेवला जातो. तेथेच फसगत होते.

(३) ज्वर उतरणे म्हणजे ज्वरमोक्ष नव्हे. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरताना, रक्तवाहिन्या झिरपण्यास प्रारंभ होतो. त्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वाधिक जोखमीचे होत. उदरशूल, सतत छर्दी, हिरड्या-नाकातून वा अन्य मार्गांनी रक्तस्राव, ग्लानी अथवा अस्वस्थता, मूत्राल्पता, हातपाय गार पडणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास आपल्याकडे न ठेवता सर्व सोयी असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

(४) प्लेटलेटच्या आकड्याभोवती चिकित्सा फिरवू नये. रुग्ण व नातेवाईक त्याच आकड्याचे भय बाळगतात आणि पपईच्या पानांचा रस, काढे यांनी तो वाढला की निश्चिंत होतात. हिमॅटोक्रिट वाढत असेल आणि प्लेटलेट झपाट्याने घटत असतील तर धोका अधिक, कारण रक्त दाट होत आहे. आकडा वाढला तरी झिरपणे थांबले असे नाही.

(५) ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वर्गातील वेदनाशामके देऊ नयेत आणि रुग्णाने ती बाहेरून घेतली आहेत काय हे विचारावे. तीक्ष्ण, उष्ण, रक्तदुष्टिकर द्रव्यांबाबत आपणही तोच संयम पाळावा. जलीय आहार मात्र आग्रहाने द्यावा.

(६) व्याधी ओसरल्यावर चरकाचार्यांनी ज्वरमुक्तास सांगितलेला परिहार पाळावा. बळ परत येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि फार हिंडणेफिरणे वर्ज्य. पेया, विलेपी, मुद्गयूष या क्रमाने अग्नी सांभाळून आहार वाढवावा. आमलकी, गुडूची, द्राक्षा यांचा रसायनार्थ प्रयोग प्रकृती पाहून करता येतो. त्याचा हेतू क्षीण धातूंचे पोषण हा आहे. याने डेंग्यू पुन्हा होणार नाही, असे आश्वासन त्यासोबत देऊ नये.

याच ओघात एक स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. पावसाळ्याच्या तोंडावर ठिकठिकाणी 'डेंग्यूप्रतिबंधक काढा' म्हणून शिबिरे भरतात. त्यामागील सेवाभाव खरा आहे. पण काढा घेतलेला मनुष्य घरातील पिंप झाकत नाही आणि ताप आला तर उशिरा येतो, हे आम्ही पाहिले आहे. बल्य द्रव्यास बल्य म्हणावे, प्रतिबंधक म्हणू नये. चार विषाणूंपैकी एकाही विषाणूची ओळख कोणताही काढा शरीरास करून देत नाही. धडधाकट, सुपोषित मुलांसही तीव्र डेंग्यू होतो, हे थायलंडमधील वैद्यकांनी फार पूर्वीच नोंदविले आहे. म्हणून येथे केवळ बळाचा भरवसा पुरत नाही.

९. रुग्णास काय सांगावे

डेंग्यूतून बऱ्या झालेल्या रुग्णास आम्ही आता पुढीलप्रमाणे सांगतो व घरच्या एका व्यक्तीस समोर बसवून सांगतो :

"या डेंग्यूचे चार भाऊ आहेत. तुम्हांस त्यांतला एक भेटला. तो बहुधा पुन्हा त्रास देणार नाही. बाकीचे तिघे मात्र येऊ शकतात आणि त्या वेळी आजार यापेक्षा जोराचा होण्याची शक्यता थोडी जास्त असते. घाबरण्याचे कारण नाही, कारण वेळेवर आलेला रुग्ण बहुतेक वेळा बरा होतो. पण पुढे कधीही ताप आला तर दुसऱ्याच दिवशी या, आपण होऊन गोळ्या घेऊ नका आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी मला पूर्वी डेंग्यू झाला होता हे आधी सांगा. आणि घरातले पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करा."

एवढे बोलण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. फाईलच्या पहिल्या पानावर वर्ष लिहून दिले तर परगावी जाणाऱ्या चालकास तेच ओळखपत्र ठरते.

१०. उपसंहार

पीतज्वरात एकदा मिळालेले क्षमत्व आजन्म पुरते. इबोलात ते चाळीस वर्षे टिकल्याचे दिसते, तरी हेतू धातूत लीन राहू शकतो. क्यासनूर वनज्वरात पुन्हा आलेला ताप हा नवा व्याधी नसून जुन्याचाच शेष असतो. डेंग्यूत क्षमत्व टिकते, पण चार वाटांपैकी एकच वाट बंद करते आणि उरलेल्या वाटा कधीकधी अधिक निसरड्या करते. म्हणून 'व्याधिक्षमत्व आहे काय' एवढाच प्रश्न न विचारता 'कशाविरुद्ध, किती आणि कोणत्या अर्थाने' असे तीन प्रश्न वैद्याने स्वतःस विचारले पाहिजेत.

आमच्या त्या रुग्णाची फाईल आम्ही जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर दोन वर्षे लिहिलेली आहेत, पहिल्या डेंग्यूचे आणि दुसऱ्याचे. तो दर पावसाळ्यात एकदा येऊन जातो आणि अंगात कणकण आली तरी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर असतो. पहिल्याच वेळी आम्ही त्यास योग्य ते सांगितले असते तर हे शहाणपण त्यास अतिदक्षता विभागात शिकावे लागले नसते. वैद्यबांधवांनी आपापल्या दवाखान्यातील डेंग्यूमुक्त रुग्णांच्या फाईली या शरदात एकदा उघडून पाहाव्यात आणि राहिलेली वर्षे त्यांवर लिहून घ्यावीत, अशी नम्र विनंती आहे.